इंग्रजी न येणाऱ्या आईने इंग्रजीचा अभ्यास कसा घ्यावा?

*वाचकाचं पत्र:* मी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, शिवणकाम करते. मुलगा नववीत आहे, सेमीला. गणित-विज्ञान बरं आहे. इंग्रजी वाचतोही घडाघडा. पण घटक चाचणीत धड्याबाहेरच्या उताऱ्यावर दहापैकी दोन गुण मिळाले. घरचा गृहपाठ बघितला तर सगळी उत्तरं बरोबर. नीट चौकशी केली तेव्हा कळलं, की काही गाईडमधून उतरवलेली आहेत आणि काही फोनवर प्रश्नाचा फोटो काढून मिळवलेली. माझं शिक्षण मराठीतून दहावीपर्यंत. इंग्रजी अक्षरं लावून वाचता येतात, अर्थ लागत नाही. त्याला मदत कशी करू? फोन काढून घेऊ का? क्लासवाले महिन्याला आठशे रुपये सांगतात. लावू का? — एक आई

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा: "वाचतोही घडाघडा" आणि "दहापैकी दोन". दुखणं या दोन वाक्यांच्या मधोमध आहे. तुमचा मुलगा अक्षरांचा उच्चार करतो आणि त्यालाच आपण सगळे वाचन म्हणतो. शाळेत आम्ही शिक्षकही तेच म्हणतो. एखादं मूल उभं राहून न अडखळता पान वाचतं, आपण "शाब्बास, बस" म्हणतो आणि पुढच्याला उठवतो.

हे तुमच्या एकट्या घरातलं नाही. 'असर' या प्रथम संस्थेच्या शैक्षणिक पाहणीत २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना साधी इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती. ५७.३ टक्के मुलांनी ती वाचली. वाचणाऱ्यांपैकी ७३.५ टक्क्यांना अर्थ सांगता आला. म्हणजे नीट वाचून दाखवणाऱ्या दर चार मुलांमागे साधारण एकाला आपण काय वाचलं ते सांगता आलं नाही, आणि तीही अगदी छोटी वाक्यं होती. परीक्षेतला उतारा तर पंधरा-वीस ओळींचा असतो.

अर्थ न कळता उत्तरं बरोबर कशी येतात, हे तुम्हाला मराठीतच दाखवते. हे वाक्य वाचा:

"डिंगरा झुमटीवरून खपाटला आणि त्याने दोन लुबके पटकावले."

डिंगरा कुठून खपाटला? झुमटीवरून. त्याने किती लुबके पटकावले? दोन. लुबके कोणी पटकावले? डिंगऱ्याने. तीनपैकी तीन! डिंगरा, झुमटी, खपाटला, लुबके हे शब्द मी आत्ता बनवलेत, तरी तुम्हाला पूर्ण गुण. आता चौथा प्रश्न: डिंगऱ्याला लुबके कशाला हवे होते? इथे हात थांबतो. तुमचा मुलगा सात-आठ वर्षं पहिल्या तीन प्रश्नांवर निभावून नेत आला आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य आख्खं उचलायचं आणि वहीत ठेवायचं. पाचवीपर्यंत हे चालतं, सातवीपर्यंतही ढकलता येतं. नववीत चौथ्या जातीचे प्रश्न वाढतात.

परीक्षेचा आराखडा समजून घ्या, म्हणजे काय कमी पडतंय ते दिसेल. मराठी माध्यमाच्या आणि सेमीच्या मुलांना इंग्रजी ही तृतीय भाषा असते. दहावीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, ८० गुणांची असते. त्यात पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना २० गुण आणि न पाहिलेल्या उताऱ्याला १५: दहा गुणांच्या कृती आणि पाच गुणांचा सारांश. दहा गुणांच्या उताऱ्याखाली ए-१ ते ए-५ अशा कृती असतात, प्रत्येकी दोन गुणांच्या. ए-१ म्हणजे उताऱ्यात सरळ सापडणारी माहिती. ए-२ मध्ये दोन-तीन वाक्यं जोडून अर्थ लावावा लागतो. ए-३ शब्दांची, ए-४ व्याकरणाची. ए-५ मध्ये मुलाला स्वतःचं मत लिहायचं असतं. तुमच्या मुलाला मिळालेले दोन गुण बहुतेक ए-१ चे असावेत. त्याची उत्तरपत्रिका घेऊन बघा. ए-२ आणि ए-५ कोरी आहेत, की तिथे उताऱ्यातलंच एखादं वाक्य उतरवलंय? उतरवलं असेल तर माझं निदान बरोबर समजा.

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली पहिली बरीच वर्षं फळ्यावर उत्तरं लिहून दिली. वर्गात साठाच्या वर मुलं, पोर्शन संपवायची घाई, आणि सगळ्यांच्या वह्या पूर्ण दिसायला हव्यात ही अपेक्षा. एका वर्षी चाचणी काढताना मी धड्यातल्या उताऱ्यातलं एकच वाक्य बदललं. धड्यातली मुलगी शाळेत चालत जायची, मी तिला सायकलवर बसवलं. प्रश्न साधाच, ती शाळेत कशी जाते? बहुतेक मुलांनी "चालत" लिहिलं. उतारा समोर छापलेला होता. कोणी वाचलाच नव्हता, कारण उत्तर पाठ होतं. त्या दिवशी पेपर तपासताना मला फार वाईट वाटलं. मुलांनी माझंच शिकवणं प्रामाणिकपणे परत केलं होतं. तेव्हापासून मी फळ्यावर उत्तर लिहिणं सोडलं आणि एक प्रश्न विचारायला लागले. तोच तुम्हाला देते. त्याला इंग्रजी येण्याची गरज नाही.

तो प्रश्न म्हणजे "कशावरून?"

मुलाने कोणतंही उत्तर दिलं, बरोबर असो की चूक, तुम्ही एवढंच म्हणायचं: कशावरून? आणि त्याने उताऱ्यातल्या नेमक्या शब्दांवर बोट ठेवायचं. बोट खरंच ठेवायचं, हवेत नाही. मग त्या शब्दांचा अर्थ तुम्हाला मराठीत सांगायचा. तुम्हाला पटलं तर पुढे, नाही पटलं तर "मला नाही कळलं, परत सांग". तुम्हाला इंग्रजी येत नाही हे इथे तुमच्या कामी येतं. मला येतं, म्हणून मुलाने अर्धवट सांगितलं तरी उरलेलं मी मनात भरून घेते आणि पुढे जाते. तुम्ही भरून घेऊ शकत नाही. त्याला पूर्णच सांगावं लागेल.

आता हे प्रत्यक्ष करून बघू. खाली एक चार वाक्यांचा उतारा देते. मुद्दाम देवनागरीत लिहिलाय, म्हणजे तुम्ही तो मोठ्याने वाचून दाखवाल आणि तो ऐकून इंग्रजीत उतरवून घेईल. स्पेलिंगच्या चुका आत्ता काढू नका.

"सखू केप्ट लुकिंग ॲट द रोड. द डाल हॅड गॉन कोल्ड. शी कव्हर्ड इट विथ अ प्लेट. इट वॉज पास्ट टेन, बट शी डिड नॉट पुट आउट द लॅम्प."

प्रश्न: व्हाय डिड सखू नॉट पुट आउट द लॅम्प?

पहिली अडचण 'पुट आउट'वर येईल. पुट म्हणजे ठेवणे, आउट म्हणजे बाहेर, म्हणून "तिने दिवा बाहेर ठेवला नाही" असं तो सांगेल. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं दिवा बाहेरच ठेवायची. लगेच चूक म्हणू नका. विचारा, रात्री दहा वाजून गेलेत, ती घरात आहे, दिवा बाहेर कशाला ठेवेल? थोडा विचार करू द्या. रात्री उशिरा आपण दिव्याचं काय करतो? मालवतो. मग डिक्शनरीत 'पुट'खाली 'पुट आउट' शोधायला लावा: विझवणे. हा शब्द तो आता विसरणार नाही, कारण आधी त्याचा अंदाज बांधला, मग तो पडताळून पाहिला. दोन शब्द एकत्र आले की अर्थ पार बदलतो, ही इंग्रजीची मोठी खोड आहे. गिव्ह अप, लुक आफ्टर, कॅरी ऑन, सगळे याच वळणाचे. असे शब्द वहीत उतरवताना सुटे लिहू नयेत, ज्या वाक्यात भेटले ते वाक्यही सोबत लिहावं.

दुसरी अडचण तिसऱ्या वाक्यातल्या 'इट'ची. विचारा, इट म्हणजे काय? मराठीत "ती झाकली" म्हटलं की 'ती' आणि 'झाकली' दोघांवरून कळतं की स्त्रीलिंगी काहीतरी आहे, म्हणजे डाळ. रस्ता नाही आणि दिवाही नाही. इंग्रजीतलं 'इट' मात्र रस्त्याला, डाळीला, दिव्याला, सगळ्यांना सारखंच चालतं. पुन्हा चौथ्या वाक्यात 'इट वॉज पास्ट टेन' आलंय आणि तिथलं 'इट' यातलं काहीच नाही, ती नुसती वेळ सांगायची पद्धत आहे. मराठी मुलांचे उतारे या एवढ्याशा शब्दांपायी फसतात, अवघड शब्दांपायी त्या मानाने कमी. उतारा वाचताना प्रत्येक ही, शी, इट, दे, धिस यांच्यावर पेन्सिलने गोल करायचा आणि तो ज्याच्याबद्दल आहे तिथपर्यंत बाण काढायचा. पहिले पंधरा दिवस उताऱ्याचं पान बाणांनी भरून जाईल, जाऊ द्या.

आता मूळ प्रश्न. तिने दिवा का विझवला नाही? त्याच्या सवयीप्रमाणे तो शेजारचं वाक्य उचलेल, "कारण दहा वाजून गेले होते." तुम्ही म्हणा, अरे, दहा वाजून गेले म्हणून तर विझवायला हवा ना? मध्ये 'बट' आहे बघ, 'पण'. मग त्याला मागे न्या. ती कुठे बघतेय? रस्त्याकडे. डाळ गार का झाली? जेवलीच नाही. मग झाकून का ठेवली, खाऊन का नाही टाकली? इथे त्याच्या डोक्यात लख्ख पडेल, कारण हे दृश्य त्याने घरी पाहिलंय. ती कुणाची तरी वाट बघतेय. उताऱ्यात 'वाट बघणे' हा शब्द कुठेच नाही. रस्ता, गार डाळ, ताट आणि दिवा या चार खुणांवरून तो आपण काढला. ए-२ ची कृती म्हणजे हेच.

आणि हे सगळं बोलणं मराठीतच होऊ द्या. "इंग्रजीचा अभ्यास इंग्रजीतूनच" असं सांगणारे बरेच भेटतील. शाळेत कानावर इंग्रजी पडायला हवी, हे खरंच आहे. पण अर्थ लावण्याचं काम मुलाला ज्या भाषेत जमतं त्या भाषेत आधी व्हावं लागतं. ज्याला मराठी गोष्टीत "तो असं का वागला?" याचं उत्तर देता येत नाही, त्याला इंग्रजीत ते येणार नाही. म्हणून त्याला मराठीही वाचायला द्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात. इंग्रजीसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' हे गोष्टींचं संकेतस्थळ आहे, तेही फुकट. तिथे एकच गोष्ट अनेकदा मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्हीकडे सापडते आणि गोष्टींना सोप्यापासून अवघडपर्यंत पातळ्या दिलेल्या असतात. नववीतल्या मुलाला पहिल्या-दुसऱ्या पातळीची गोष्ट द्यायला संकोच करू नका. त्याला लाज वाटली तर म्हणा, "मला शिकायचंय, तू मला वाचून सांग." आणि खरंच ऐका, मशीन थांबवून. रोज दहा मिनिटं पुरतात.

घरात पडलेलं इंग्रजीही वापरा. कुकरच्या डब्यातलं माहितीपत्रक, औषधाच्या पट्टीमागचा मजकूर, ओआरएसचं पाकीट. त्या पाकिटावर ते किती पाण्यात विरघळवायचं आणि केलेलं पाणी किती वेळ वापरायचं हे लिहिलेलं असतं. ते वाचून त्याने ग्लासभर पाण्यात आख्खं पाकीट ओतलं तर चूक लगेच समजेल. असं वाचन मला धड्याइतकंच मोलाचं वाटतं.

उत्तर लिहिण्याबद्दल थोडंसं. समजलं तरी वाक्य बिघडतं, आणि ते एका ठरावीक जागी बिघडतं. "व्हाय डिड शी कव्हर द डाल?" याचं उत्तर मुलं "शी डिड कव्हर्ड" असं सुरू करतात. प्रश्नात भूतकाळ 'डिड'ने अंगावर घेतलेला असतो, म्हणून क्रियापद साधं राहतं, 'कव्हर'. उत्तरात 'डिड' निघून गेला, की भूतकाळ क्रियापदावर येतो, 'शी कव्हर्ड'. उत्तर नकारी असेल तर 'डिड नॉट' जागचा हलत नाही आणि क्रियापद साधंच. एवढं एक पक्कं झालं तरी वहीतल्या बऱ्याच लाल खुणा जातील. दुसरं, 'हू' आणि 'हाऊ' यांची गल्लत. 'हू'ला माणूस लागतो, 'हाऊ'ला रीत लागते. प्रश्न वाचल्यावर आधी पहिल्या शब्दाखाली रेघ मारून तोंडाने म्हणायचं: कोण, काय, का, कसं, कुठे, कधी. मग उतारा. आणि प्रश्न उताऱ्याच्या आधी एकदा वाचून घेतले तर उत्तमच. काय शोधायचंय ते माहीत असलं की नजर भरकटत नाही.

ए-५ च्या कृतीला मुलं घाबरतात, कारण तिथे उचलायला वाक्य नसतं. तिला गाईड नको. जेवताना विचारा, "तू सखूच्या जागी असतास तर काय केलं असतंस? का?" तो जे मराठीत बोलेल तेच दोन-तीन साध्या इंग्रजी वाक्यांत लिहायचं. मोठे शब्द आणायच्या नादात मुलं स्वतःचं म्हणणं हरवून बसतात. साधं, लहान, पण स्वतःचं वाक्य असू द्या.

आता फोन. काढून घेऊ नका. काढून घेतलात तर तो मित्राच्या फोनवर तेच करेल आणि तुम्हाला सांगणं बंद करेल. आज निदान तुम्हाला ठाऊक आहे. क्रम मात्र बदला: आधी स्वतःचं उत्तर वहीत, पेनाने, मग हवं तर फोन. फोनने दिलेल्या उत्तरालाही तोच प्रश्न लावायचा, कशावरून? फोटो नुसत्या प्रश्नाचा काढला आणि उतारा दिलाच नाही, तर फोन अंदाजाने काहीतरी सांगतो आणि ते दिसायला मोठं सुबक असतं. सखूच्या प्रश्नाला "ती नवऱ्याची वाट पाहत होती" असं उत्तर सहज येईल. नवरा कशावरून? उताऱ्यात नवरा कुठे आहे? मुलगा असेल, बाप असेल, बहीण असेल. उतारा एवढंच सांगतो, की कुणीतरी यायचंय आणि ते जेवायचं राहिलंय. मुलाला स्वतःहून ही चूक पकडता आली, की फोन त्याच्या हाताखाली काम करायला लागेल. गाईडचंही असंच. उत्तर लिहून झाल्यावर ताडून बघायला गाईड वापरा, आणि तेव्हा आपलं उत्तर वेगळं आहे म्हणून लगेच खोडू देऊ नका.

क्लासचं म्हणाल तर मी आत्ता लावणार नाही. आठशे रुपये तुमच्या किती ब्लाऊजचे होतात ते तुम्हाला माहीत. बहुतेक क्लासमध्ये उत्तरं लिहूनच देतात, आणि लिहून दिलेलं उत्तर हाच तर त्याचा आजार आहे. लावायचाच झाला तर आधी एक तास बाहेर बसून ऐका. शिकवणारे मुलांना बोलतं करतात, की एकटेच बोलतात? दुसरं असेल तर पैसे ठेवा.

त्यापेक्षा शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना किंवा बाईंना भेटा. साधं सांगा, की "पुढचा महिनाभर याचा गृहपाठ अर्धवट आणि चुकीचा येईल, पण त्याचा स्वतःचा येईल. रागावू नका." मला कुणा पालकाने असं सांगितलं असतं तर मी त्या मुलाची वही आनंदाने तपासली असती. काही शिक्षकांना हे रुचणार नाही, तरीही सांगा. मुलालाही आधी कल्पना द्या, की या महिन्यात वहीत लाल खुणा वाढतील आणि आई त्यावरून बोलणार नाही. हे मात्र तुम्हाला पाळावं लागेल. ज्या दिवशी तुम्ही शेजारच्या मुलाच्या स्वच्छ वहीकडे बोट दाखवाल, त्या दिवशी तो पुन्हा गाईड उघडेल.

गुणांची घाई करू नका. पुढच्या घटक चाचणीत कदाचित दोनाचे चारच होतील. ए-२ मध्ये एक जरी गुण आला, तरी गाडी रुळावर आहे असं समजा. उत्तरपत्रिका बघून मला परत लिहा. ए-५ मध्ये त्याने काय लिहिलं ते जसंच्या तसं उतरवून पाठवा, चुकांसकट. मला वाचायचं आहे.

सखूचा उतारा आज रात्रीच घ्या. तो "नवऱ्याची" म्हणाला, तर काय विचारायचं ते तुम्हाला माहीत आहे.